पाप कोणाचे? स्वमग्न बालकाकडे पाहणाऱ्या दृष्टीचा इतिहास

संत योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी एक जन्मांध मनुष्य प्रभूच्या वाटेवर येतो. शिष्य त्याला पाहतात, पण त्याच्याशी बोलत नाहीत. ते त्याच्याविषयी गुरूशी बोलतात. हा मनुष्य असा जन्मला ह्याला पाप कोणाचे कारण झाले, त्याचे स्वतःचे की त्याच्या आईबापांचे, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्नाला दोनच उत्तरे असू शकतात असे त्यांनी आधीच ठरवून टाकले आहे. प्रभू ती दोन्ही उत्तरे नाकारतो आणि त्या माणसाकडे वळतो.

शिष्यांचा तो प्रश्न तेथेच संपला असे मात्र झाले नाही. ख्रिस्ती जगाच्या इतिहासात तो वेगवेगळ्या भाषांत पुनःपुन्हा विचारला गेला. कधी धर्मशास्त्राच्या, कधी समाजसुधारणेच्या आणि कधी मानसशास्त्राच्या भाषेत. ज्या बालकांस आज आपण स्वमग्न किंवा ऑटिस्टिक म्हणतो, त्यांच्याविषयी प्रौढांनी काय काय मानले ह्याचा इतिहास पाहिला, तर तो बालकांचा इतिहास थोडा आणि पाहणाऱ्यांचा इतिहास फार, असे ध्यानात येते. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील काही टप्पे धर्मगुरू व धर्मशिक्षक ह्यांच्यापुढे ठेवण्याचा हेतू आहे. कारण जी दृष्टी आपण इतिहासात पाहणार आहोत, ती आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही आपल्याबरोबर येऊन बसते.

बदललेले मूल

मध्ययुगीन युरोपात एक समजूत सर्वत्र पसरलेली होती. जे मूल बोलत नाही, हसत नाही, आईकडे पाहत नाही किंवा सतत रडते, ते त्या आईचे नव्हेच. खरे मूल पिशाच्चांनी पळविले आणि त्याच्या जागी आपले मूल ठेवले, अशी ती समजूत. तेराव्या शतकाच्या मध्यास एत्येन द बुर्बों ह्या डोमिनिकन धर्मगुरूंना फ्रान्समधील लिओं शहराच्या उत्तरेस एक विलक्षण प्रकार आढळला. ग्रामीण स्त्रिया आपली आजारी, क्षीण बालके एका राईत नेत. गिनफोर्ट नावाचा एक कुत्रा तेथे संत म्हणून पूजिला जात असे. पिशाच्चांनी बदललेले मूल परत घ्यावे आणि आमचे आम्हांस द्यावे, अशी याचना करून त्या बालकाला मेणबत्त्या जळून जाईपर्यंत झाडाच्या पायथ्याशी एकटे ठेवीत. काही बालके त्या ज्योतींनी भाजून मेली, असे त्या धर्मगुरूंनी नोंदविले आहे. त्यांनी ती राई तोडून टाकविली आणि कुत्र्याच्या अस्थी उकरून जाळविल्या. अंधश्रद्धेचे स्थान नष्ट झाले. ज्या भयापोटी त्या माता तेथे येत, ते भय मात्र गेले नाही. चेटकिणींच्या शोधासाठी डोमिनिकन लेखणीतून १४८६-८७ च्या सुमारास जो कुप्रसिद्ध ग्रंथ निघाला, त्यातही बदललेल्या मुलांची कल्पना खरी म्हणून मांडलेली आहे. म्हणजे ही समजूत केवळ अडाण्यांची होती असे म्हणून आपणांस सुटता येत नाही.

मार्टिन लूथर ह्यांच्या भोजनप्रसंगीच्या संभाषणांची टिपणे त्यांच्या अनुयायांनी ठेवली होती. त्यांत १५४० च्या सुमाराची एक आठवण आहे. डेसाऊ येथे बारा वर्षांचा एक मुलगा लूथर ह्यांनी पाहिला होता. तो खाण्यापलीकडे काही करीत नसे, कोणी स्पर्श केल्यास ओरडे, घरात काही अनिष्ट घडले तर हसे आणि सारे ठीक असले तर रडे. हा आत्मा नसलेला निव्वळ मांसाचा गोळा आहे, असे लूथर ह्यांचे मत झाले आणि त्याला मारून टाकावे असा सल्ला त्यांनी दिला. आन्हाल्टच्या राजपुत्राने तो मानला नाही. पुढे १५६६ मध्ये छापलेल्या संग्रहात अशी भर आहे, की मग त्या मुलातील सैतान जावा म्हणून चर्चमध्ये प्रार्थना करविण्यात आली.

हा मुलगा स्वमग्न होता काय, हे चार-पाचशे वर्षांनंतर कोणी ठरवू शकत नाही. काही अभ्यासकांनी तशी शक्यता वर्तविली आहे, एवढेच. ही संभाषणे दुसऱ्यांनी टिपलेली आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आपला मुद्दा निदानाचा नाही. आपल्या मुलांवर लूथर ह्यांची माया होती. १५४२ साली कन्या माग्दालेना वारली तेव्हा त्यांनी केलेला शोक प्रसिद्ध आहे. असा वत्सल पिता दुसऱ्याच्या मुलात आत्माच पाहू शकला नाही. त्यांच्या अंतःकरणात प्रेम नव्हते म्हणून असे घडले नाही. पाहण्यापूर्वीच त्यांच्यापाशी एक स्पष्टीकरण तयार होते, आणि त्या स्पष्टीकरणात बसेल तेवढेच त्यांस दिसले. ख्रिस्तसभेच्या आपल्या अंगणातील उदाहरण वर आधी दिले आहे, ते ह्यासाठीच की ह्या प्रसंगाचा उपयोग कोणी पंथाभिमानासाठी करू नये.

आव्हेरोंचा मुलगा आणि बॉस्टनचा अहवाल

१८०० सालच्या जानेवारीत दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों प्रांतात, सें-सेर्नें गावाजवळ, साधारण अकरा-बारा वर्षांचा एक मुका मुलगा रानातून बाहेर आला. त्याला पॅरिसला नेले. त्या काळचे श्रेष्ठ मनोवैद्य फिलिप पिनेल ह्यांनी त्याला तपासून तो जन्मजात मतिमंद व सुधारण्यापलीकडचा असल्याचा निर्वाळा दिला. जाँ इटार नावाच्या तरुण वैद्याला तो निर्णय पटला नाही. मूकबधिरांच्या संस्थेत त्याने मुलाला ठेवून घेतले, त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि कित्येक वर्षे त्याच्याबरोबर घालविली. ह्या कामाचे त्याने १८०१ व १८०६ साली दोन अहवाल लिहिले.

ह्या अहवालांतील दोन निरीक्षणे मनन करण्याजोगी आहेत. व्हिक्टर बहिरा आहे असे लोक मानीत, कारण कानाजवळ पिस्तूल झाडले तरी तो दचकत नसे. परंतु त्याच्या आवडीचा अक्रोड कोणी मागे हळूच फोडला, की तो तत्काळ वळून पाही. कान शाबूत होते. काय ऐकण्याजोगे आहे ह्याविषयी त्याचा निवाडा निराळा होता, इतकेच. दुसरे निरीक्षण अधिक हृदयस्पर्शी आहे. मादाम गेरें ही त्याचा सांभाळ करणारी बाई. जेवणाची ताटे मांडण्याचे काम व्हिक्टर करी. तिचा नवरा वारला, तरी सवयीप्रमाणे व्हिक्टरने त्याचेही ताट मांडले. ते पाहून ती बाई रडू लागली. आपल्या हातून तिला दुःख झाले हे जाणून त्याने ते ताट उचलून जागेवर ठेवले आणि पुन्हा कधी मांडले नाही. ह्याच मुलाला भावना नाहीत असे विद्वानांनी सांगितले होते.

तरी इटारसुद्धा आपल्या एका आग्रहात अडकून पडला. व्हिक्टरला बोलता आले पाहिजे ह्यावर त्याने आपल्या यशापयशाचे माप ठेवले, आणि तो बोलला नाही म्हणून निराश होऊन त्याने प्रयत्न सोडले. मादाम गेरेंने मात्र १८२८ मध्ये व्हिक्टरला मरण येईपर्यंत त्याला सांभाळले. तिने एकही अहवाल लिहिला नाही.

अटलांटिकच्या पलीकडे, बॉस्टन येथे, अंधांच्या शिक्षणासाठी विख्यात झालेले सॅम्युएल ग्रिडली हाउ ह्यांनी १८४८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतिमंदांविषयी अहवाल सादर केला. हाउ सहृदय सुधारक होते. अशा मुलांसाठी त्यांनी त्याच वर्षी शाळाही काढली. परंतु कारणांचा विचार करताना त्यांनी दोष आईबापांच्या माथी मारला. मद्यपान आणि निसर्गनियमांचे उल्लंघन ह्यांचे फळ मुलांत दिसते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सैतान गेला आणि त्याच्या जागी शरीरशास्त्र आले. प्रश्न मात्र शिष्यांचाच राहिला.

एका शब्दाची कथा

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर ह्यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी घडविला. १९११ च्या त्यांच्या ग्रंथामुळे तो रूढ झाला. ग्रीक भाषेतील 'स्वतः' ह्या अर्थाच्या शब्दापासून तो बनला असून, स्किझोफ्रेनिया झालेला रुग्ण बाह्य जगाकडे पाठ फिरवून आपल्यातच बुडून जातो, हे सांगण्यासाठी ब्लॉयलर ह्यांनी तो योजिला होता. पुढे तो बालकांना लावला गेला आणि मराठीत आपण त्याचे 'स्वमग्नता' असे भाषांतर केले. भाषांतर नेमके आहे. परंतु शब्दातच एक निवाडा दडलेला आहे, हे विसरू नये. जो आपल्याकडे पाहत नाही तो स्वतःमध्येच मग्न असला पाहिजे, हे बाहेरून पाहणाऱ्याचे अनुमान आहे. ते मूल कदाचित पंख्याच्या आवाजात, भिंतीवरील उन्हाच्या कवडशात किंवा आपल्याच स्वराच्या चढउतारात मग्न असेल. 'आमच्यात मग्न नाही' एवढेच आपणांस खरोखर ठाऊक असते.

मॉस्को येथील ग्रुन्या सुखारेवा ह्या महिला वैद्याने १९२५ साली सहा मुलांचे अतिशय बारकाईचे वर्णन प्रसिद्ध केले. आज ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो त्याच्याशी ते फार जुळते. पुढील वर्षी ते जर्मन भाषेतही आले. परंतु त्याचे इंग्रजी भाषांतर व्हायला १९९६ साल उजाडावे लागले. कीर्ती मिळाली ती दोन पुरुषांना : १९४३ साली अमेरिकेतील बॉल्टिमोरच्या लिओ कॅनर ह्यांना आणि १९४४ साली व्हिएन्नाच्या हान्स आस्पेर्गर ह्यांना.

कॅनर ह्यांनी आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा बालकांचे वर्णन केले. एकटे राहण्याची ओढ, नित्यक्रमात बदल न खपणे, ऐकलेले शब्द जसेच्या तसे परत म्हणणे आणि 'मी'च्या जागी 'तू' वापरणे ही लक्षणे त्यांनी टिपली. ही अवस्था जन्मजात असावी, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले. परंतु त्याच लेखात आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदविली, की ह्या मुलांच्या आईबापांत खरोखर मायाळू असे थोडेच आढळले आणि बहुतेक जण उच्चशिक्षित होते. त्या काळी बॉल्टिमोरच्या नामांकित तज्ज्ञापर्यंत मूल घेऊन पोहोचणे उच्चशिक्षितांनाच शक्य होते, हा साधा विचार मागे पडला. दारापर्यंत जे आले त्यांच्यावरून जगाचे अनुमान झाले. ही शिकलेल्यांच्या घरची व्याधी होय, असा समज त्यामुळे कित्येक वर्षे टिकला. गरिबांच्या घरी तीच लक्षणे असलेले मूल वेडे, द्वाड किंवा मतिमंद ठरत राहिले. ही गोष्ट जुनी झाली असे समजू नये. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे सरकारी वैद्यकीय मदत घेणाऱ्या मुलांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोऱ्या मुलांचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी, तर कृष्णवर्णी मुलांचे ७.९ व्या वर्षी झाल्याचे दिसले.

आईवरील आरोप

१९४९ मध्ये कॅनर ह्यांनी आईबापांच्या थंडपणावर अधिक भर दिला. ही मुले जणू फ्रिजमध्ये ठेवली गेली, अशी उपमा त्यांनी योजिली. ती उपमा फार दूर गेली. शिकागो येथे मुलांची निवासी शाळा चालविणारे ब्रूनो बेटेलहाइम ह्यांनी १९६७ साली एका ग्रंथात सिद्धान्त मांडला, की आपण नसावे अशी आईबापांची सुप्त इच्छा मुलाला जाणवते आणि म्हणून ते आतल्या किल्ल्यात दडून बसते. बेटेलहाइम स्वतः दाखाऊ व बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांतून सुटून आलेले होते. छावणीतील खचलेल्या कैद्यांत जे त्यांनी पाहिले, तेच त्यांस ह्या मुलांत दिसले. मग पहारेकऱ्याच्या जागी आई आली. ज्या जखमेतून ते स्वतः गेले त्या जखमेच्या आकाराचेच त्यांचे स्पष्टीकरण झाले. मुलाला आईबापांपासून दूर ठेवणे हाच उपचार, असा त्याचा व्यवहारी अर्थ निघाला. एका पिढीतील अगणित मातांनी मुलाचे दुःख आणि त्याला आपणच कारण झालो हा आरोप, असे दोन्ही भार एकदम वाहिले.

ह्या आरोपाला पहिला सबळ प्रतिवाद एका पित्याने केला. अमेरिकी नौदलातील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड ह्यांचा मुलगा स्वमग्न होता. उपलब्ध संशोधन तपासून त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहिला आणि दोष मातेच्या मायेत नसून कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे, असे दाखविले. कॅनर ह्यांनीच त्या ग्रंथाला प्रस्तावना दिली. १९६९ साली पालकांच्या सभेत उभे राहून कॅनर ह्यांनी आईबापांना निर्दोष म्हणून जाहीर केले. आपण लिहिलेल्याचा अर्थ लोकांनी विपरीत केला, असे ते म्हणाले. परंतु त्या अर्थाला वाट त्यांच्याच शब्दांनी करून दिली होती. नंतर १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर ह्यांनी २१ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे त्यानंतरच्या संशोधनाने अधिकाधिक दृढ केले आहे. ह्याने पाप केले नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही, हे विज्ञानाला आपल्या वाटेने येऊन म्हणावे लागले.

व्हिएन्नाचा धडा

आस्पेर्गर ह्यांची कथा आपणां ख्रिस्ती लोकांस विशेष अस्वस्थ करणारी आहे. ते श्रद्धाळू कॅथलिक होते. अवघड मुलांत त्यांना विलक्षण बुद्धिमत्ता दिसली. त्या मुलांच्या आपल्या विषयावरील सखोल ज्ञानाचे त्यांनी कौतुक केले. त्यांचा नावलौकिक मुलांचा कैवारी म्हणून झाला. २०१८ साली इतिहासकार हेर्विग चेक ह्यांनी व्हिएन्नातील कागदपत्रांवरून जे प्रसिद्ध केले, त्याने ह्या चित्राला तडा गेला. नाझी राजवटीशी आस्पेर्गर ह्यांनी जुळवून घेतले होते आणि काही गंभीर अपंग बालकांस 'आम श्पीगेलग्रुंड' ह्या संस्थेत पाठविण्याच्या शिफारशींवर त्यांची सही होती. त्या संस्थेत १९४० ते १९४५ ह्या काळात ७८९ बालके मरण पावली. त्यांतील कित्येकांना हेतुतः मारण्यात आले.

ह्यातून घ्यावयाचा धडा 'आस्पेर्गर दुष्ट होते' एवढाच नाही. ज्या मुलात उपयोगी गुण दिसला त्याला त्यांनी वाचविण्याजोगे मानले; ज्याच्यात तो दिसला नाही त्याचे दार बंद झाले. मुलाची किंमत त्याच्या गुणांवरून ठरविणारी दृष्टी कौतुक करीत असतानाही धोक्याची असते. 'तुमचा मुलगा गणितात हुशार आहे, देवाने भरपाई केली' असे आपण सांत्वनार्थ म्हणतो. ज्याच्या बाबतीत अशी भरपाई दिसत नाही, त्या बालकाविषयी त्याच वाक्यातून आपण काय सुचवितो, ह्याचा विचार करावा. त्याच काळात, ३ ऑगस्ट १९४१ रोजी, म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन ह्यांनी प्रवचनपीठावरून अपंगांच्या हत्येचा उघड निषेध केला. उत्पादक नाही म्हणून माणसाला मारता येत असेल तर उद्या आपणां सर्वांचीच तीच गत होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. एकाच श्रद्धेच्या दोन माणसांनी एकाच काळात किती निराळे पाहिले!

त्यालाच विचारा

१९८५ साली लंडनमध्ये एक प्रसिद्ध प्रयोग झाला. एक बाहुली गोटी ठेवून बाहेर जाते, दुसरी ती दुसरीकडे लपविते. परत आलेली पहिली बाहुली गोटी कोठे शोधील, असा प्रश्न होता. २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांना ह्याचे अपेक्षित उत्तर देता आले नाही. ह्यातून स्वमग्न व्यक्तीला दुसऱ्याचे मन कळत नाही, हे मत प्रबळ झाले. परंतु उलट प्रश्न बराच काळ कोणी विचारला नाही : आपणांस त्यांचे मन कितपत कळते?

हा प्रश्न विचारला तो स्वमग्न व्यक्तींनीच. अमेरिकेतील जिम सिंक्लेअर ह्यांनी १९९३ साली पालकांना उद्देशून केलेले निवेदन गाजले. कल्पनेतले मूल हरवले ह्याचा शोक करा, पण त्या शोकाचे ओझे समोरच्या जिवंत मुलावर टाकू नका, असा त्याचा भावार्थ होता. मध्ययुगातील 'बदललेल्या मुला'ला जणू सातशे वर्षांनी वाचा फुटली. इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन हेही स्वतः स्वमग्न आहेत. न समजणे हे दुहेरी आहे, दरीला दोन काठ असतात, असे त्यांनी २०१२ साली मांडले. २०१७ साली नोआ सॅसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दिसले, की स्वमग्न व्यक्तींना काही क्षण नुसते पाहून किंवा ऐकून इतरांचे मत प्रतिकूल होते आणि त्यांच्याशी संबंध ठेवण्याची इच्छा कमी होते. तेच बोलणे केवळ लिहून वाचावयास दिले, तेव्हा ती प्रतिकूलता नाहीशी झाली. म्हणजे आक्षेप त्यांच्या म्हणण्याला नव्हता. स्वर, चेहरा आणि नजर ह्यांना होता.

योहानाच्या नवव्या अध्यायात पुढे काय होते ते आठवावे. शेजारी त्या माणसाविषयी आपसांत वाद घालतात, परूशी आईबापांना बोलावून उलटतपासणी करतात, आणि घाबरलेले आईबाप शेवटी सांगतात, की तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा. भयापोटी निघालेले ते उद्गार आपल्या विषयाची किल्ली आहेत. त्या अध्यायात सर्वांत स्पष्ट बोलतो तो ज्याच्याविषयी सारे बोलत होते तोच.

आपल्या वेदीपुढे

आपल्या देशात १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या कायद्याने २१ अपंगत्वांत तिचा समावेश केला. कायदा पुढे गेला; आपली बोली मागे राहिली. 'मुलगे उशिराच बोलतात', 'दृष्ट लागली', 'पूर्वजन्मीचे भोग', 'आईने मोबाईल हातात दिला म्हणून असे झाले', ही वाक्ये आपल्या धर्मग्रामांतही ऐकू येतात. आरोग्यप्रार्थनेच्या सभांत अशा मुलांच्या डोक्यावर हात ठेवून सैतानाला मोठ्याने आज्ञा करणारेही भेटतात. डेसाऊची ती प्रार्थना अद्याप संपलेली नाही. बिशपांच्या स्पष्ट अनुज्ञेवाचून कोणीही भूत काढण्याचा विधी करू नये, असे धर्मसभेच्या कायद्याचे कलम ११७२ सांगते, ह्याचे येथे स्मरण द्यावेसे वाटते.

मी स्वतः निर्दोष नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात मी एका मुलाला विचारले, 'तुला देवाने का निर्माण केले?' त्याने त्याच स्वरात मलाच विचारले, 'तुला देवाने का निर्माण केले?' वर्ग हसला. पुन्हा विचारले, पुन्हा तेच. मस्करी समजून मी त्याला बाहेर उभे केले आणि त्याच्या आईला सांगितले, की लाडाने मूल बिघडले आहे. ती काही बोलली नाही; कित्येक रविवार मिस्सेला आली नाही. कॅनर ह्यांच्या लेखातील शब्दांच्या पुनरुच्चाराविषयीचे वर्णन मी त्यानंतर वाचले. त्या बालकाने माझी थट्टा केली नव्हती. त्याच्यापाशी असलेल्या एकमेव मार्गाने त्याने मला उत्तर दिले होते. मी क्षमा मागावयास त्यांच्या घरी गेलो. मुलाने माझ्याकडे पाहिले नाही. पण मी बसलो होतो तेथे येऊन तो शेजारी बसला. आई म्हणाली, 'फादर, पाहुण्यांजवळ तो कधी बसत नाही.' हे मला तिनेच सांगावे लागले; एरवी ते माझ्या ध्यानात आले नसते.

पोप दहावे पायस ह्यांनी १९१० साली बालकांच्या ख्रिस्तप्रसादाविषयी जो आदेश काढला, त्यात पूर्ण ज्ञानाची अट घालणाऱ्या कठोर प्रथेचा निषेध आहे. बालकाने आपल्या कुवतीनुसार ती भाकर साध्या भाकरीहून वेगळी ओळखावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. कायद्याचे कलम ७७७ धर्मग्रामाच्या गुरूंवर मानसिक वा शारीरिक बाधा असलेल्यांच्या शिक्षणाचे कर्तव्य सोपविते. २०२० च्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेने तर अपंग व्यक्तींना संस्कार नाकारता येत नाहीत, असे स्पष्ट केले आहे. स्वमग्न व्यक्तींभोवतीचा एकाकीपणा व कलंक दूर करावा, असे आवाहन पोप फ्रान्सिस ह्यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये केले होते. तेव्हा नियमांची वाण नाही. वाण आहे ती पाहण्याच्या धीराची.

तो धीर शिकता येतो, ह्याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे मिळून ६५ स्वमग्न बालकांच्या कुटुंबांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाबरोबर खेळतानाचे त्यांचेच चित्रीकरण दाखविले आणि मुलाने केलेल्या बारीक खुणा ओळखावयास शिकविले. सर्वच गोष्टी सुधारल्या असे नाही. परंतु आईबापांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला आणि मुले आपण होऊन अधिक संवाद साधू लागली. प्रथम पाहणारे बदलले, मग मुलांत बदल दिसला.

धर्मशिक्षकांनी ह्यातून थोडे घ्यावे. वर्ग सुरू होण्यापूर्वी आईला विचारावे, की ह्याला काय आवडते, काय असह्य होते आणि 'हो' व 'नको' तो कसे सांगतो. घंटा, कर्णा आणि धूप ह्यांनी त्रास होत असेल तर त्याची जागा दाराजवळ ठेवावी आणि तो मध्येच उठला तर कोणी वळून पाहू नये. 'माझ्याकडे बघ' हा आग्रह सोडावा; न पाहता ऐकणारे कान असतात, हे अक्रोड फोडणाऱ्याने आपणांस दोनशे वर्षांपूर्वी दाखविले आहे. चित्रे, हावभाव आणि नित्याचा क्रम ह्यांनी जे शिकविता येते ते शब्दांनीच शिकविण्याचा हट्ट धरू नये. आणि आईबापांपुढे कारणांची चर्चा करण्यापूर्वी, त्यांना आजवर किती जणांनी दोषी ठरविले असेल, ते मनात आणावे.

शिष्यांचा प्रश्न ज्या माणसाविषयी होता तो डोळस झाला, आणि आपण डोळस आहोत असे म्हणणारे अंध ठरले, असा त्या अध्यायाचा शेवट आहे. पुढच्या रविवारी आपल्या वर्गात किंवा मंदिराच्या मागच्या बाकावर असे एखादे बालक असेल, तर त्याच्याविषयी काही ठरविण्यापूर्वी त्याच्या शेजारी थोडा वेळ बसावे.